लॅपटॉपच्या रॅमचा भाव एका जागी का थांबत नाही?

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या वर्गात मागणीची लवचीकता शिकवताना मीठ, कांदा आणि पेट्रोल ही उदाहरणे ठरलेली असतात. ती चुकीची नाहीत, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खरेदीपासून जरा लांबची आहेत. या टिपणासाठी निवडलेली वस्तू बहुतेकांच्या पाठीवरच्या बॅगेतच असते, ती म्हणजे लॅपटॉपमधली रॅम. पहिल्या वर्षाला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यायचा आणि 'पुढे लागली तर आणखी ८ जीबी टाकू, तोवर स्वस्तही होईल' असा हिशेब करायचा, ही आपल्याकडची नेहमीची रीत. 'तोवर स्वस्त होईल' हा हिशेबाचा भाग अनेकदा खरा ठरला आहे. २०२५ च्या उत्तरार्धात मात्र तो साफ खोटा ठरला.

रॉयटर्सच्या नोव्हेंबर २०२५ मधील वृत्तानुसार सॅमसंगच्या ३२ जीबी डीडीआर५ मॉड्यूलचा कराराचा भाव सप्टेंबरात १४९ डॉलर होता, तो नोव्हेंबरात २३९ डॉलर झाला. म्हणजे दोन महिन्यांत सुमारे ६० टक्के वाढ. टोकियोच्या आकिहाबारा बाजारातल्या काही दुकानांनी एका ग्राहकाला किती मेमरी विकायची यावर मर्यादा घातली. वस्तू तीच, कारखाने तेच, बनवण्याची कृतीही तीच. मग भाव एवढा कसा उसळला?

थोडक्यात उत्तर असे: दुकानात आपल्याला जो भाव सांगितला जातो तो मेमरी बनवायला आलेल्या खर्चावर ठरत नाही. मोठ्या ग्राहकांचे भागल्यावर जे उरते, त्या उरलेल्या मालाचा तो भाव असतो. ही गोष्ट नीट समजली की भाव वाढतो का, कोसळतो का आणि त्याचा अंदाज बांधणे एवढे अवघड का, हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

वस्तू कशी आहे

संगणकाच्या मुख्य मेमरीला डीरॅम म्हणतात. तिच्या एका पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. एवढे तांत्रिक ज्ञान या टिपणापुरते पुरेसे आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. डीरॅमचे प्रमाणीकरण जेडेक ही संस्था करते. डीडीआर४ चे मानक २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मानक एकच असल्यामुळे एका कंपनीची चिप आणि दुसऱ्या कंपनीची चिप यांत ग्राहकाला फारसा फरक पडत नाही. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही एकजिनसी वस्तू आहे, गहू किंवा तांब्यासारखी. अशा वस्तूत ब्रँडच्या नावावर भाव टिकवून धरता येत नाही. जो बाजाराचा भाव, तोच सगळ्यांचा.

पण विक्रेते मात्र गव्हासारखे लाखो नाहीत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतांश डीरॅम बनवतात. पूर्वी हा खेळ बराच मोठा होता. या धंद्यात सुरुवातीला आघाडीवर असलेली इंटेल १९८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे डीरॅममधून बाहेर पडली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये, आणि पुढे एल्पिडाला मायक्रॉनने विकत घेतले. प्रत्येक मंदीत कोणीतरी बुडत गेले आणि शेवटी तिघे उरले. एकजिनसी वस्तू आणि अल्पाधिकार असे हे मिश्रण आहे.

कारखाना: हवा तेव्हा वाढत नाही, नको तेव्हा थांबत नाही

मेमरीचा नवा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर आणि काही वर्षे लागतात. उभा असलेल्या कारखान्यातही सिलिकॉनची कोरी चकती, म्हणजे वेफर, आत गेल्यापासून तयार चिप बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात, कारण प्रक्रियेचे टप्पे शेकड्यांनी असतात. त्यामुळे आज भाव दुप्पट झाला म्हणून पुढच्या महिन्यात माल दुप्पट येत नाही. अल्पकाळात पुरवठ्याची रेषा जवळजवळ उभी असते.

उलट बाजूही तितकीच ताठर आहे. खर्चाचा फार मोठा भाग यंत्रांत आधीच गुंतलेला असतो. चिप बनवा वा न बनवा, तो स्थिर खर्च टळत नाही. उत्पादनसंस्थेने काम कधी थांबवावे याचा नियम आठवा: किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली तरच. मेमरीत बदलता खर्च तुलनेने कमी असल्यामुळे कंपन्या तोटा सोसूनही बराच काळ माल काढत राहतात, आणि भाव आणखी खाली जातो. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागाला ४.५८ लाख कोटी वॉनचा तोटा झाला. बाकीच्या दोघांनी उत्पादन घटवायला २०२२ मध्येच सुरुवात केली होती. सॅमसंगने मात्र उत्पादनकपातीची घोषणा एप्रिल २०२३ मध्ये केली.

हे चक्र आपल्याला नवीन नाही. गेल्या हंगामात कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा सगळे कांदा लावतात आणि लासलगावच्या बाजारात भाव पडतो. मग पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव चढतो. निर्णय आजच्या भावावर, माल उद्याच्या बाजारात. निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये या प्रकाराला 'कॉबवेब', म्हणजे कोळ्याचे जाळे, हे नाव दिले, कारण आलेखावर भावाची वाट जाळ्यासारखी फिरत जाते. फरक एवढाच की कांद्याचा फेरा एका हंगामाचा असतो आणि मेमरीचा काही वर्षांचा. शिवाय कांद्याची लागवड पुढच्या वर्षी सोडता येते, पण उभारलेला कारखाना सोडता येत नाही.

कालव्याच्या शेपटाकडचा ग्राहक

आता या टिपणातल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. वर सांगितलेल्या गोष्टींमुळे मेमरीचा भाव हलतो हे कळते, पण सुट्या रॅमचा भाव इतका जास्त का हलतो हे त्यातून पुरते कळत नाही.

डीरॅमचा बहुतेक माल दुकानात येतच नाही. मोबाइल बनवणाऱ्या, लॅपटॉप बनवणाऱ्या आणि सर्व्हर वापरणाऱ्या मोठ्या कंपन्या उत्पादकांशी थेट करार करतात. करारातला भाव महिन्याने किंवा तिमाहीने पुन्हा ठरतो, पण माल मिळण्याची हमी बऱ्याच अंशी असते. करारांत न गेलेला माल खुल्या बाजारात येतो, त्याला स्पॉट बाजार म्हणतात. सुट्या रॅमची मॉड्यूल बनवणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या चिप इथूनच घेतात, आणि मग ती मॉड्यूल दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, बेंगळुरूच्या एस. पी. रोडला, चेन्नईच्या रिची स्ट्रीटला पोहोचतात.

धरणाच्या कालव्यावर शेती असणाऱ्या घरातल्या विद्यार्थ्यांना हे चटकन कळेल. धरणात पाणी पाच टक्के कमी असले म्हणून प्रत्येक शेताला पाच टक्के कमी मिळत नाही. वरचे शेतकरी आपले पूर्ण घेतात आणि टेलच्या शेतकऱ्याचे पाट कोरडे राहतात. धरणातली थोडी तूट शेपटाकडे मोठी होऊन पोहोचते.

आकड्यांत मांडू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. समजा बाजारात एकूण १०० एकक मेमरी आहे. त्यातले ८५ एकक करारांत बांधलेले आणि १५ एकक खुले. आता मोठ्या ग्राहकांनी आणखी ६ एकक मागितले आणि कारखान्यांना उत्पादन वाढवता येत नाही. ही तूट सगळ्यांवर सारखी वाटली गेली असती तर प्रत्येकाला ६ टक्के कमी मिळाले असते. मागणीची लवचीकता ०.५ धरली तर भाव ढोबळमानाने ६ भागिले ०.५, म्हणजे १२ टक्के वाढला असता. पण प्रत्यक्षात ते ६ एकक खुल्या १५ मधून जातात. उरतात ९. खुल्या बाजारासाठी ही ४० टक्क्यांची तूट झाली. त्याच लवचीकतेने भागा: ८० टक्के. इतक्या मोठ्या बदलाला हे सरळ सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही हे लक्षात ठेवा, पण १२ आणि ८० यांच्यातले अंतर सूत्राच्या चुकीतून आलेले नाही.

उलट दिशेनेही हेच गणित चालते. मोठ्या ग्राहकांनी खरेदी आवरली की नको असलेला सगळा माल याच छोट्या बाजारात ओतला जातो आणि सुटी रॅम मातीमोल होते. ज्यांनी २०२३ मध्ये रॅम वाढवली ते स्वतःला हुशार समजतात. खरे तर ते योग्य वेळी शेपटाकडे उभे होते.

२०२५ मध्ये वरचे पाणी कोणी घेतले

कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने चालवणाऱ्या प्रोसेसरांना एचबीएम नावाची मेमरी लागते. यात डीरॅमच्या चिप एकावर एक रचून सिलिकॉनमधूनच आरपार जोडलेल्या असतात. ही मेमरी आणि लॅपटॉपची मेमरी यांचा कच्चा आधार एकच, तीच वेफर आणि तीच स्वच्छ दालने. मायक्रॉनने दिलेल्या माहितीनुसार तेवढेच बिट एचबीएमच्या रूपात काढायला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर खर्च होतात. म्हणजे एचबीएमचा प्रत्येक जीबी साध्या मेमरीचे सुमारे तीन जीबी खाऊन येतो. संधी-खर्चाचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात क्वचितच मिळेल.

त्यात २०२३ च्या तोट्यानंतर कंपन्यांनी विस्तारावर हात आखडला होता, म्हणजे मागणी आली तेव्हा हाताशी रिकामी क्षमता फारशी नव्हती. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी इरादापत्रे केली. त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याचा उल्लेख होता. इरादापत्र म्हणजे खरेदी नव्हे, पण बाजार खरेदीची वाट पाहत बसत नाही. पुढे ३ डिसेंबरला मायक्रॉनने 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले आणि मोठ्या, वेगाने वाढणाऱ्या ग्राहकांना पुरवठा करण्यासाठी हे करत असल्याचे कारण दिले. शेपटाकडचे पाणी वर वळवत असल्याचे एखाद्या कंपनीने इतक्या उघडपणे सांगणे विरळाच.

इथे लवचीकतेचा एक कडवट अर्थही दिसतो. डेटा सेंटर उभारणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात मेमरी हा एक हिस्सा, आणि ती नसेल तर बाकीची गुंतवणूक पडून राहते. तिची मागणी ताठर असते. विद्यार्थी मात्र 'राहू दे, आहे त्यात भागवू' म्हणू शकतो. ज्याची मागणी लवचीक, तो रांगेतून आधी बाहेर पडतो. पाठ्यपुस्तकात याला बाजाराने केलेले वाटप म्हणतात. भोपाळच्या वसतिगृहात प्रकल्पाचा कोड चालवताना ज्याचा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी गोठतो, त्याला त्यात वाटपासारखे काही दिसणार नाही, आणि त्याची गरज कमी होती असेही यातून सिद्ध होत नाही. किंमत देण्याची ऐपत आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी रॅम नव्याहून महाग

२०२५ च्या मध्यात एक विचित्र गोष्ट घडली. खुल्या बाजारात जुन्या डीडीआर४ चा भाव नव्या डीडीआर५ च्या वर गेला. कंपन्यांनी डीडीआर४ चे उत्पादन आवरते घेत असल्याचे सांगितले होते, पण ती वापरणारी यंत्रे कोट्यवधींनी चालू होती. डीडीआर४ ची लॅपटॉप-पट्टी २६० पिनांची आणि डीडीआर५ ची २६२ पिनांची, खाचही वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने त्या पर्यायी वस्तू नव्हेतच. 'जुने तंत्रज्ञान स्वस्त' हा आपला सवयीचा समज ते तंत्रज्ञान बनवणारे आहेत तोवरच खरा असतो.

अफवेचाही भाव असतो

४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपवर आवरण चढवण्यासाठी लागणारे एक इपॉक्सी रेझिन बनत असे आणि जगाचा सुमारे ६० टक्के पुरवठा त्या एका ठिकाणाहून होत होता. काही आठवड्यांतच खुल्या बाजारात मेमरीचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. त्या दिवशी चिपचा एकही कारखाना बंद पडला नव्हता आणि रेझिनचे साठेही शिल्लक होते. भाव वाढला तो पुढे टंचाई येईल या अपेक्षेने. प्रत्येकाने थोडी जास्त खरेदी केली आणि टंचाईची भीती स्वतःच टंचाई घडवून गेली. कुठल्या कारखान्यात काय होईल हे कोणालाच आधी माहीत नसते. त्यावर लोक कसे वागतील हे तर त्याहून नाही. भावाचा अंदाज चुकतो तो बहुतेकदा इथे.

तिघेच विक्रेते म्हटल्यावर 'हे सगळे ठरवून चालले आहे का?' असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तो प्रश्न गैर नाही. १९९९ ते २००२ या काळात मेमरी उत्पादकांनी संगनमताने भाव ठरवल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाच्या तपासात उघड झाले. सॅमसंगने गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सने १८.५ कोटी डॉलर दंड भरला. पण २०१८ नंतर अमेरिकेतील ग्राहकांनी पुन्हा तसेच दावे केले तेव्हा न्यायालयांनी ते फेटाळले. कंपन्या एकमेकींकडे पाहून सारख्या वागल्या एवढ्यावरून त्यांचा कट सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय. अल्पाधिकारात न बोलताही पावले जुळतात. माझ्या मते २०२५ ची वाढ समजून घ्यायला कटाची गरज नाही, वरचे गणित पुरते. पण ज्या बाजारात तिघेच आहेत, तिथे संशय घेणारा कोणीतरी असणे चांगलेच.

भारतातला भाव

आपण डीरॅम बनवत नाही, आयात करतो. भाव डॉलरमध्ये ठरतो, त्यावर रुपयाचा विनिमय दर आणि १८ टक्के जीएसटी येतो. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरला ९० रुपयांच्या वर मोजावे लागू लागले. डॉलरचा भाव चढत असताना रुपया उतरला की दोन्हींचा गुणाकार होतो, आणि जीएसटी त्या गुणाकारावर लागतो.

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा 'आता मेमरी इथे बनेल, स्वस्त मिळेल' असे अनेकांना वाटले. त्या प्रकल्पाचे काम चिपची जुळणी आणि तपासणी हे आहे. बिट घडतात ते परदेशातल्या वेफरवर. रोजगार आणि कौशल्य यांसाठी तो प्रकल्प महत्त्वाचा आहे, पण जगातल्या पुरवठ्याची रेषा त्याने सरकत नाही.

मग घ्यायची की थांबायचे?

मेमरीचे एक आवर्तन साधारण तीन-चार वर्षांचे असते, आणि पदवीही तेवढ्याच काळाची. त्यामुळे 'भाव पडेल' हे भाकीत खरे ठरले तरी ते तुमच्या दीक्षांत समारंभानंतर खरे ठरू शकते. म्हणून निर्णय भाकितावर न ठरवता गरजेवर ठरवावा. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर पाहा. ती सतत काठोकाठ भरत असेल आणि डिस्कची धडपड चालू असेल, तर रॅम वाढवून खरोखर फरक पडेल. तसे नसेल तर महागाईत पैसे घालण्यात अर्थ नाही. अधूनमधूनच्या जड कामाला महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा गूगल कोलॅबसारखी मोफत सोय वापरता येते.

नवा लॅपटॉप घेणार असाल तर आधी त्याची सर्व्हिस मॅन्युअल उघडून रॅम बोर्डावर डाखलेली आहे की खाचेत बसणारी, हे तपासा. अनेक पातळ लॅपटॉपांत ती डाखलेली असते. तिथे 'पुढे टाकू' हा पर्यायच नाही, जे घ्यायचे ते पहिल्या दिवशी. खाच असेल तर वाट पाहण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो, आणि अनिश्चित भावाच्या बाजारात त्या हक्कालाही किंमत असते. थोडा जाड लॅपटॉप घेण्याचे हे एक चांगले कारण आहे. वापरलेली रॅम घेणार असाल तर पिढी, पिना आणि वेग जुळवून घ्या, दुकानदाराकडून बदलून देण्याची लेखी मुदत घ्या, आणि घरी आल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा.

स्वाध्यायासाठी: वरच्या उदाहरणात खुला बाजार १५ ऐवजी ३० एककांचा धरा, बाकी सर्व तेच ठेवा आणि भाववाढ पुन्हा काढा. नंतर विद्यार्थ्यांना मोफत क्लाउड मिळू लागल्यामुळे खुल्या बाजारातली लवचीकता ०.५ वरून ०.८ झाली असे धरून तेच गणित करा. दोन्हींपैकी कोणता बदल शेपटाकडच्या ग्राहकाला जास्त वाचवतो, आणि तो बदल घडवून आणणे कोणाच्या हातात आहे, यावर दहा ओळी लिहा.